घरची ठेवरेव : प्रस्तावना

मे 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले पत्र रयतेविषयीच्या त्यांच्या आस्थेचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु तेच पत्र इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने न वाचता संसारी गृहस्थाच्या दृष्टीने वाचले, तर साठवणीच्या विद्येचे मर्म त्यात जितक्या थोडक्यात प्रकट झाले आहे तितके मराठीत अन्यत्र क्वचितच आढळेल. पावसाळ्यासाठी दाणा व गवत यांची बेगमी करून ठेवलेली आहे, ती आताच मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. गवताच्या आसपास कोणी स्वयंपाकास आगटी पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल आणि घात होईल. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी बेगमी भस्मसात होईल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. राज्य उभारण्याच्या ऐन धामधुमीत असलेल्या पुरुषाने उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार न्यावा, याचे कारण उघड आहे. साठा गोळा करणे हे अर्धे काम असून, तो गरजेच्या दिवशी गरजेच्या माणसाच्या हाती शाबूत पडणे हे उरलेले आणि अधिक कठीण असे अर्धे काम आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जे नियम घालून दिले त्यांतही हीच दृष्टी आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारूची भांडी जमिनीला न टेकता माचावर असावीत, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावीत, असे त्यांचे सांगणे. बंद करून ठेवलेली वस्तू सुरक्षित राहिली असे समजून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाने हा नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. कारण दमटपणा, कीड आणि विस्मृती या तिघांनाही कुलुपाची किल्ली लागत नाही.

प्रस्तुत पुस्तक घरच्या घरी, थोड्या हत्यारांनी आणि थोड्या खर्चाने करता येण्याजोग्या साठवणीच्या सोयींविषयी आहे, आणि त्यातील सर्व युक्त्या एका सूत्रात ओवलेल्या आहेत: ठेवण्याची परीक्षा काढताना होते. जी वस्तू शोधावी लागते, जी काढण्यासाठी दुसऱ्या चार वस्तू हलवाव्या लागतात, किंवा जी काढल्यावर पुन्हा जागेवर ठेवण्याचा कंटाळा येतो, ती कितीही सुंदर कपाटात ठेवलेली असली तरी तिची ठेवरेव झालेली नाही. ती केवळ दृष्टीआड झालेली आहे.

आपल्या जुन्या घरांना हे सूत्र निराळे शिकवावे लागले नव्हते. देशावरच्या वाड्याच्या भिंती मातीच्या वा कच्च्या विटांच्या, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या असत. त्यामुळे भिंतीच्या पोटातच कोनाडे, देवळ्या, फडताळे आणि धान्याची बळदे निघत, आणि साठवणीने जमिनीचा एक चौरस फूटही अडवला जात नसे. बळदात धान्य वरच्या तोंडाने ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे, म्हणजे आधी भरलेले आधी निघे आणि जुना दाणा तळाशी सडत पडत नसे. आजच्या मोठ्या कोठारांचे व्यवस्थापक ज्या शिस्तीचा आग्रह धरतात, ती शिस्त येथे रचनेनेच पाळली जाई, तिच्यासाठी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नसे. भिंतीतील खुंटी सरळ आडवी न ठोकता टोकाकडे किंचित वर उचललेली असे, म्हणून पागोटे असो की जड पिशवी असो, ती घसरत नसे. दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, म्हणून मुंग्यांना मज्जाव करण्यास औषधाची गरज पडत नसे. शिंके मांजराच्या उडीपलीकडे परंतु घरधनिणीच्या हाताच्या आत टांगलेले असे. बियाण्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला बांधीत, कारण धूर त्यांना कीड लागू देत नाही, हे सर्वांना माहीत होते. उतरंडीची मडकी मोठ्यावर लहान अशी रचलेली असत आणि जिचे काम वर्षातून एकदा ती वस्तू सर्वांत खाली, जिचे रोज ती सर्वांत वर, हा क्रम सासूकडून सुनेकडे तोंडी चालत येई.

वाड्यातील कागदांची व्यवस्थाही अशीच विचार करण्याजोगी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत, म्हणजे रुमालांत, बांधलेले आहेत. रुमाल आतील कागदांच्या संख्येप्रमाणे लहानमोठा होतो, धूळ अडवतो परंतु हवा कोंडत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडलेले कागद 1930 पासूनच्या काही वर्षांत 45 भागांत प्रसिद्ध केले, तेव्हा शतक-दीड शतक बांधून पडलेले ते लिखाण वाचण्याजोगे उरले होते याचे थोडे श्रेय त्या कापडालाही द्यावे लागेल. घरातील दस्तऐवज, फोटो आणि शालू प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्यांत कोंबणाऱ्यांनी हा दाखला मनावर घ्यावा.

जमिनीखालील साठवणीचा उल्लेखही येथे केला पाहिजे. ज्वारीची पेवे देशावर गावोगाव होती. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी खणलेली पेवे तर व्यापारी जगतात प्रसिद्ध होती, आणि 2005 च्या महापुरात त्यांपैकी अनेक निकामी झाली. पेवाच्या आत प्राणवायू फारसा उरत नाही, म्हणून किडीला जगणे अशक्य होऊन माल दीर्घकाळ टिकतो. आणि नेमक्या त्याच कारणाने, उघडल्याबरोबर पेवात उतरणारा मनुष्यही प्राणास मुकतो. त्यामुळे तोंड उघडून काही काळ वारा लागू द्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचे, हा दंडक पडला. साठवणीचे प्रत्येक साधन ज्या गुणाने उपयोगी पडते त्याच गुणाने अपायकारकही होऊ शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

ही सारी व्यवस्था शहराने मोडली, आणि ती मोडण्याची कारणे केवळ दारिद्र्याची नव्हेत. प्लेगच्या साथीनंतर 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने आणि 1920 साली निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने, म्हणजे बीडीडीने, मुंबईत ज्या चाळी उभारल्या, त्यांपैकी बीडीडीच्या चाळीतील एकेका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट होते, आणि एवढ्या जागेत स्वयंपाक, शयन, अभ्यास, बाळंतपण व पाहुणचार इतके सर्व प्रसंग साजरे व्हावयाचे होते. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्यांत, किंवा गोव्याच्या खलाशांच्या कुडांत, म्हणजे सामाईक निवासांत, तर एका माणसाचा सगळा संसार म्हणजे भिंतीकडेची एक ट्रंक, तिच्यावर गुंडाळलेली वळकटी आणि वर दोरीवरचे दोन कपडे. दुसरे असे की भिंती बारीक झाल्या. सिमेंट-लोखंडाचा सांगाडा घराचा भार पेलू लागल्यावर आतली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची, पुरेशी ठरली. तिच्यात कोनाडा निघेना, आणि पूर्वी भिंतीच्या पोटात राहणारे सामान जमिनीवर उतरले. तिसरे असे की 1943 साली मुंबईत रेशन सुरू झाले आणि सालाची बेगमी करणाऱ्या कुटुंबाला आठवड्याच्या शिध्यावर हिशेब बसवावा लागला. खंडी-मणांची कोठारे निरुपयोगी झाली, पण लहान लहान डब्यांची संख्या मात्र वाढत गेली.

तथापि याच खोल्यांतून मराठी माणसाची, आणि त्याहून अधिक मराठी स्त्रीची, कल्पकता अशी काही फुलली की तिचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला जावा. दाराच्या चौकटीवर फळी पडली, तिच्यावर वर्षाचे पापड-कुरडयांचे डबे गेले. मोरीवर पोटमाळा चढला. पलंगाखाली विटा देऊन तो वीतभर उचलला गेला आणि खाली ट्रंका सरकल्या. रॉकेलच्या चौकोनी डब्याला पत्र्याचे झाकण बसवून त्याची तांदळाची कोठी झाली. 1937 साली बाजारात आलेल्या डालड्याचा डबा तूप संपल्यावर डाळीसाठी, गंजू लागल्यावर खिळे-स्क्रूंसाठी आणि तळ गेल्यावर गच्चीवरच्या तुळशीसाठी, असे तीन जन्म एकाच देहात भोगून गेला. आणि जे खरोखरच नकोसे झाले ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन बदल्यात भांडे आले. घरातून वस्तू बाहेर जाण्याचा मार्ग जोवर असा नियमित व प्रतिष्ठित होता, तोवर खोली लहान असूनही तुंबत नव्हती, ही गोष्ट आजच्या प्रशस्त सदनिकांतील रहिवाशांनी लक्षात घ्यावी.

याच वर्गातील आंब्याच्या पेटीविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण या पुस्तकातील एक कृती तीच आहे. देवगड-रत्नागिरीकडून येणारी लाकडी पेटी पातळ पट्ट्यांची, हलक्या लाकडाची आणि चार कोपऱ्यांस ठोकळे दिलेली असते. दोन पेट्या एकीवर एक आडव्या ठेवल्या की पुस्तकांची छोटी मांडणी तयार होते. परंतु त्या एकमेकींना जोडताना नवशिक्याचे लाकूड हमखास फाटते. यावर सुताराचा उपाय असा की खिळ्याचे टोक आधी हातोडीने हलकेच ठेचून बोथट करावे. अणकुचीदार टोक लाकडाच्या रेषा पाचरीप्रमाणे दूर सारते व भेग पाडते, बोथट टोक त्या रेषा तोडून आपल्यापुरती वाट करते. पट्टीच्या कडेपासून निदान बोटभर आत खिळा घ्यावा, आतील सर्व बाजूंवर पॉलिशपेपर फिरवावा, आणि मग पुस्तके ठेवावीत. हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा प्रघात वाढला असला तरी लाकडी पेटी अजून मिळते, आणि मिळेल तेव्हा ती जळणात घालू नये.

येथे अशी शंका घेतली जाईल की बाजारात तयार कपाटे मुबलक असता हा उपद्व्याप कशासाठी. पैशाची बचत हे उत्तर खरे असले तरी दुय्यम आहे. तयार कपाट हे कोणाच्याच घराचे माप न घेता बनविलेले असते. कपडे टांगण्यासाठी त्याला साधारण दोन फूट खोली लागते, आणि तेवढ्याच खोलीचे कपाट स्वयंपाकघरात आणले की त्यात बरण्यांच्या तीन-चार रांगा एकीमागे एक बसतात, मागच्या रांगेतील मेथ्या विस्मृतीत जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आणल्या जातात. याउलट दार उघडल्यावर त्याच्यामागे भिंतीला जी पाच-सहा इंचांची फट राहते, तिच्यात चार इंच खोलीच्या फळ्या बसविल्या तर एकेक बरणी समोरासमोर दिसते, एकही मागे राहत नाही, आणि ज्या जागेला कोणी जागाच म्हणत नव्हते तिथे मसाल्याचे अख्खे दुकान मावते. मात्र दाराची मूठ फळीवर आपटणार नाही हे आधी पाहावे, आणि प्रत्येक फळीच्या तोंडाशी बारीक पट्टी आडवी मारावी, म्हणजे दार जोराने लोटले तरी बरणी खाली येणार नाही. अशी सोय कोणताही कारखाना करून देणार नाही, कारण तुमच्या दारामागची फट त्याला ठाऊक नाही.

हाताच्या पोहोचीचा विचारही असाच घरोघर निराळा करावा लागतो. फळ्या ठोकणारा सुतार वा घरातील पुरुष स्वतःच्या उंचीने माप धरतो आणि वापरणारी स्त्री जन्मभर स्टुलावर चढत राहते, हा अन्याय आपल्या स्वयंपाकघरांत इतका रुळला आहे की तो अन्याय आहे असे कोणास वाटत नाही. पाच फूट उंचीच्या स्त्रीचा हात उभ्याने सहा फुटांच्या फारसा वर पोचत नाही. तेव्हा रोजच्या वस्तू तिच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, आठवड्याच्या त्याखाली, आणि गौरी-गणपतीची आरास, आकाशकंदील व पाहुण्यांची अंथरुणे यांसारख्या वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूच तेवढ्या माळ्यावर, ही वाटणी फळी ठोकण्यापूर्वी झाली पाहिजे. 1926 साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने जे छोटे स्वयंपाकघर आखले आणि जे पुढे हजारो घरांत बसविले गेले, त्याच्या मुळाशी हाच विचार होता: काम करणारीची पावले व हात मोजून मगच कपाटांची जागा ठरविणे. तांदूळ-साखरेसाठी नावे कोरलेले, पुढे ओतण्याची चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण त्यात होते, आणि पिठाचा खण मुद्दाम ओक लाकडाचा केला होता, कारण त्या लाकडाने पिठातील अळीला अटकाव होतो. आपल्याकडे कडुनिंबाचा पाला धान्यात घालणारी गृहिणी आणि ती जर्मन योजना यांच्यात दृष्टीचा भेद नाही, साधनांचा आहे.

आता पदार्थविज्ञानाच्या दोन गोष्टी, ज्या न जाणल्यामुळे घरगुती कारागिरीची अर्धी फजिती होते. तोच भार मध्यावर ठेवून फळीच्या दोन आधारांतील अंतर दुप्पट केले तर फळीचा बाक दुप्पट न होता आठपट होतो. आणि फळीची जाडी दुप्पट केली तर तो एकअष्टमांशावर येतो. म्हणून पुस्तकांची लांब फळी वाकू लागली की ती बदलण्याऐवजी मध्ये एक आधार द्यावा. खर्च थोडा आणि गुण मोठा. दुसरी गोष्ट तक्त्याच्या मापाची. प्लायवूडचा तक्ता सामान्यतः 8 फूट लांब व 4 फूट रुंद मिळतो. त्याच्या चार सारख्या पट्ट्या काढताना प्रत्येकी बरोबर 12 इंच धरून आराखडा केला तर शेवटची पट्टी अपुरी भरते, कारण यंत्राच्या करवतीने प्रत्येक कापात सुमारे एक सूत लाकूड भुसा होऊन जाते. मोरी, सिंक किंवा पाण्याच्या पिंपाजवळच्या कामास साधे प्लाय न वापरता आयएस 710 या मानकाचे, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतात ते, वापरावे.

हवेचा विचार विशेषतः कोकण, मुंबई व गोवा येथील वाचकांनी करावयाचा आहे. बाहेरच्या भिंतीला पाठ चिकटवून ठेवलेल्या कपाटात श्रावणापर्यंत बुरशी धरते; भिंत व कपाट यांत दोन बोटांची फट आणि तळाशी पाय, एवढ्याने पुष्कळसे काम भागते. पावसाळ्यापूर्वी धान्य व कपडे यांना वैशाखाचे ऊन दाखविणे, वालांना राख चोळणे, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे, लोकरीच्या कपड्यांत वेखंड ठेवणे, हे उपाय आजीच्या काळचे म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. अमात्यांच्या दारूखान्याचा दंडकच त्यांत घरगुती रूपाने वावरत आहे.

पुस्तकाची मांडणी चार भागांत केलेली आहे. पहिल्यात स्वयंपाकघर, दुसऱ्यात कपडे व अंथरूण-पांघरूण, तिसऱ्यात पुस्तके व कागदपत्रे आणि चौथ्यात हत्यारे, छत्र्या, खेळणी व सणासुदीचे सामान. प्रत्येक कृतीत मापे इंचांत दिली आहेत, कारण आपले सुतार व प्लायची दुकाने अद्याप इंच-फुटांतच बोलतात. ज्या कृतींना करवत, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, गुण्या आणि भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र यांपलीकडे काही लागते, त्या वगळल्या आहेत. सामाईक जिना, व्हरांडा वा सज्जा अडवून जागा मिळविण्याच्या युक्त्या समजूनउमजून दिलेल्या नाहीत. त्या स्वतःच्या घरासाठी केलेल्या असल्या तरी आगीच्या प्रसंगी त्यांची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी विजेच्या बटणांच्या थेट वर वा खाली ते येत नाही ना, आणि आपण विटेत भोक पाडीत आहोत की सिमेंटच्या खांबात, याची खात्री करावी. लहान मुले असलेल्या घरात उंच मांडणी भिंतीला पक्की जखडल्याखेरीज तिच्यावर एकही वस्तू ठेवू नये.

वाचकास एवढीच विनंती आहे की हे पुस्तक वाचून थेट फळ्या आणायला जाऊ नये. प्रथम घरातील एक कोपरा, एक कपाट किंवा पलंगाखालची एक ट्रंक पुरती रिकामी करून तिच्यातील जिन्नसांची याद करावी, आणि प्रत्येक जिन्नसापुढे तो अखेरचा केव्हा काढला होता हे लिहावे. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते गरजवंतास देऊन टाकावे. जे उरेल त्याचे माप घ्यावे, आणि ज्या हातांनी ते रोज काढायचे आहे त्या हातांची उंची विचारावी. एवढे केल्यावर पुष्कळांना असे आढळेल की नवी फळी लागतच नाही. आणि ज्यांना लागेल त्यांनी खुशाल पुढील पान उघडावे.